अर्थशास्त्रातली पीएचडी: संशोधनाच्या आवडीनुसार विभाग कसा निवडावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्थशास्त्राच्या पीएचडीच्या दोन-तीन ऑफर हातात आहेत आणि निवड होत नाही, किंवा येत्या डिसेंबरात अर्ज करायचेत आणि यादी कुठून सुरू करावी कळत नाही, अशांसाठी ही प्रश्नोत्तरं. बहुतेक उत्तरं अमेरिकेतल्या विभागांना धरून आहेत, कारण तिथला पसारा सगळ्यांत मोठा आहे. युरोप आणि भारत यांविषयी पुढे वेगळं लिहिलं आहे.

रँकिंगमध्ये वर असलेला विभाग घ्यावा की माझ्या विषयाचा?

रँकिंगकडे पाठ फिरवू नका. प्राध्यापकीच्या नोकऱ्यांमध्ये वरच्या दहा-पंधरा विभागांचं वजन खरोखरच जास्त आहे. पण पहिल्या पाचातला विभाग एकीकडे आणि चाळिसावा दुसरीकडे, असा पेच फार थोड्यांना पडतो. नेहमीचा पेच असतो तो बाराव्या आणि अठराव्या, किंवा तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या क्रमांकाचा. तिथे एकूण क्रमांकाला फारसा अर्थ उरत नाही, कारण त्यात सगळ्या शाखा एकत्र मोजलेल्या असतात. तुमची पाच-सहा वर्षं जाणार ती तुमच्या शाखेतल्या चार-पाच माणसांबरोबर. ती माणसं कोण आहेत, हा प्रश्न क्रमांकाच्या आधी विचारा.

माझा विषय ठरलाय: शेतमालाचे भाव. आता विभाग कसा शोधू?

‘शेतमालाचे भाव’ हे कुतूहलाचं क्षेत्र झालं. विभाग निवडायला त्यातला प्रश्न आणि तो सोडवायची पद्धत हवी. कांदाच घेऊ. लासलगावच्या लिलावात मोजकेच व्यापारी बोली लावतात, त्यामुळे शेतकऱ्याला कमी भाव मिळतो का? हा बाजारातल्या ताकदीचा प्रश्न आहे. तो औद्योगिक संघटनेच्या (इंडस्ट्रियल ऑर्गनायझेशन, म्हणजे कंपन्या आणि बाजारातली स्पर्धा यांच्या अभ्यासाच्या) शाखेत येतो, आणि त्यासाठी मागणी-पुरवठ्याची मॉडेलं उभी करून ती आकड्यांवर बसवणारे लोक लागतात. २०२३ च्या डिसेंबरात केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ती २०२४ च्या मे महिन्यात उठली. या बंदीचा भार नेमका कुणी सोसला? हा आंतरराष्ट्रीय व्यापाराचा प्रश्न. भाव पडतील या धास्तीने शेतकरी पीकच बदलतो का, चाळीत कांदा साठवायला त्याला कर्ज मिळालं तर काय होईल? हा विकासाच्या अर्थशास्त्राचा प्रश्न, आणि इथे सर्वेक्षण किंवा प्रयोग लागतो. निवडणुका जवळ आल्या की बंदीची शक्यता वाढते का? हा राजकीय अर्थशास्त्राचा.

कांदा एकच, पण या चार प्रश्नांसाठी चार वेगळे विभाग योग्य ठरतात. म्हणून अर्ज करण्याआधी एक काम करा. गेल्या दोन-तीन वर्षांत वाचलेल्या पेपरांपैकी ‘हा मी लिहिला असता तर!’ असं ज्यांच्याबद्दल वाटलं, असे सहा-सात पेपर समोर ठेवा. त्यांच्यातला विषय बाजूला सारा आणि पद्धत पाहा. सहापैकी पाच पेपर प्रयोगांवर आधारलेले निघाले, तर तुमचा कल कळला. पाचांत सैद्धांतिक मॉडेल असेल, तर विकासाच्या नावाखाली प्रयोगशाळाच उभारलेल्या विभागात तुम्ही एकटे पडाल.

एखादा विभाग माझ्या शाखेत खरंच मजबूत आहे, हे बाहेरून कसं तपासायचं?

वेबसाइटवरच्या प्राध्यापकांच्या यादीवरून ठरवू नका. तिथे एकेका नावापुढे तीन-तीन शाखा लिहिलेल्या असतात. मी पुढच्या क्रमाने जाईन.

आधी पेपर धरून माणसांपर्यंत पोचा. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांवर २००१ साली ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’मध्ये एक पेपर आला. सभासदांच्या जमिनीतली विषमता आणि कारखान्याने दिलेला उसाचा दर यांचा काय संबंध आहे, हे त्यात तपासलं होतं. लेखक चार: अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवन मुन्शी आणि देबराज राय. आता हे चौघं पुढे कुठे राहिले ते पाहा: एमआयटी, बोस्टन युनिव्हर्सिटी, येल आणि न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी. एकूण क्रमांकात बोस्टन युनिव्हर्सिटी एमआयटीच्या बरीच खाली असते. पण सिद्धांत आणि गावपातळीवरचा डेटा एकत्र हाताळायची आवड असेल, तर ते नाव तुमच्या यादीत यायलाच हवं, आणि नुसती रँकिंगची यादी वाचून ते आलं नसतं. एका पेपरमधून चार पत्ते मिळतात. असे सहा-सात पेपर उलगडले की कोणती नावं पुन्हा पुन्हा येतात ते दिसू लागतं.

मग विद्यार्थी पाहा. बहुतेक विभाग त्या वर्षी नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी दर शरद ऋतूत वेबसाइटवर टाकतात. प्रत्येकाच्या नावापुढे जॉब मार्केट पेपर (नोकरीच्या अर्जासोबत दाखवायचा मुख्य पेपर) आणि मार्गदर्शकांची नावं असतात. मागच्या चार-पाच वर्षांच्या याद्या काढा आणि तुमच्या शाखेतले किती जण आहेत ते मोजा. दोन वर्षं एकही नसेल, तर प्राध्यापक कितीही नामवंत असोत, ती शाखा तिथे चालू नाही असंच धरा. मार्गदर्शकांच्या नावांतही बातमी असते. एक मोठं नाव कुठेच दिसत नसेल, तर ती व्यक्ती विद्यार्थी घेत नाही किंवा विद्यार्थी तिच्याकडे जात नाहीत. कारण काहीही असो, तुमच्यासाठी परिणाम एकच.

शेवटी सेमिनारचं वेळापत्रक. तुमच्या शाखेचा स्वतंत्र साप्ताहिक सेमिनार आहे का, आणि त्यासोबत विद्यार्थ्यांनी अर्धवट काम मांडायची वेगळी बैठक आहे का? ही दुसरी बैठक मला सेमिनारइतकीच महत्त्वाची वाटते. तिसऱ्या वर्षी कोर्स संपलेले असतात, स्वतःचा प्रश्न सापडलेला नसतो, आणि दर आठवड्याला कुणासमोर तरी उभं राहायचं बंधन नसेल तर महिने हातातून निसटतात.

एकाच प्राध्यापकासाठी एखाद्या विभागात जावं का?

नाही. प्राध्यापक जागा बदलतात, निवृत्त होतात, प्रशासनात जातात, सरकारी सल्लागार होतात. पहिलं वर्ष कोर्स आणि प्रिलिमच्या परीक्षांत (पुढे राहण्यासाठी पास व्हाव्या लागणाऱ्या) जातं, दुसरं शाखेच्या कोर्सेसमध्ये, म्हणजे मार्गदर्शकाची खरी गरज लागेपर्यंत दोन वर्षं उलटलेली असतात. २०१९ चं नोबेल बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना मिळालं. त्यानंतर वर्षभरातच क्रेमर हार्वर्डहून शिकागोला गेले. बॅनर्जी आणि डुफ्लो २०२६ च्या जुलैपासून ज्यूरिखला येणार, अशी घोषणा ज्यूरिख विद्यापीठाने २०२५ च्या ऑक्टोबरात केली. एमआयटीत विकासाचं अर्थशास्त्र करणारा मोठा गट असल्यामुळे तिथल्या विद्यार्थ्याला पुढचा रस्ता आहे. एकखांबी विभागात तो नसतो.

माझा निकष असा: तुमच्या शाखेत किमान तीन सक्रिय प्राध्यापक हवेत, त्यांतला एक तरी नुकताच रुजू झालेला. नवे प्राध्यापक स्वतः पेपर लिहायच्या धडपडीत असतात, त्यांच्याकडे वेळ असतो, आणि सहलेखनाची संधीही त्यांच्याकडून लवकर मिळते. शिफारसपत्रासाठी मात्र ज्येष्ठ नाव लागतं. दोन्ही हवेत.

कुठला विभाग कशासाठी ओळखला जातो?

पूर्ण यादी इथे देता येणार नाही, आणि दिली तरी ती लवकर शिळी होईल. काही परंपरा मात्र टिकाऊ आहेत.

स्थूल अर्थशास्त्रात मिनेसोटाचं नाव मिनियापोलिसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेशी जोडलेलं आहे. सार्जंट, सिम्स आणि प्रेस्कॉट या तिघा नोबेलविजेत्यांनी तिथे काम केलं. श्रम अर्थशास्त्रासाठी प्रिन्स्टनचा इंडस्ट्रियल रिलेशन्स सेक्शन १९२२ पासून आहे, तर बर्कलीत डेव्हिड कार्ड आणि एमआयटीत जोशुआ अँग्रिस्ट यांच्यामुळे कार्यकारणाच्या काटेकोर मोजमापाची घट्ट परंपरा आहे. लिलाव आणि बाजाररचना यांत स्टॅनफर्डला तोड नाही: मिलग्रोम, विल्सन आणि रॉथ हे नोबेलविजेते तिघंही तिथले. अर्थमिती (इकॉनॉमेट्रिक्स) आणि सिद्धांत यांसाठी येलचं काउल्स फाउंडेशन, जे १९५५ साली शिकागोहून तिकडे गेलं. त्याच येलमध्ये १९६१ पासूनचं इकॉनॉमिक ग्रोथ सेंटर आहे, विकसनशील देशांवर काम करणाऱ्यांसाठी. दादरमधल्या शाळा घेऊन, जात आणि लिंग यांनुसार मराठी की इंग्रजी माध्यम ही निवड कशी बदलली, यावर मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी २००६ साली पेपर लिहिला. असं काम आवडणाऱ्याने येलची पानं नीट वाचावीत.

आर्थिक इतिहासवाल्यांचं गणित वेगळं आहे. बहुतेक विभागांत या शाखेचा एखादाच माणूस असतो. नॉर्थवेस्टर्नमध्ये जोएल मोकिर यांची, हार्वर्डमध्ये क्लॉडिया गोल्डिन यांची परंपरा आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये तर आर्थिक इतिहासाचा वेगळा विभागच आहे, आणि भारताच्या आर्थिक इतिहासावर भरपूर लिहिणारे तीर्थंकर रॉय तिथे आहेत. वसाहतकाळातल्या मुंबई इलाख्यावर काम करायचं असेल तर ब्रिटिश लायब्ररीतली इंडिया ऑफिसची (भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याची) दप्तरं त्याच शहरात आहेत, हाही फायदा मोजा.

कृषी अर्थशास्त्राचे वेगळे विभाग असतात. ते दुय्यम आहेत का?

मुळीच नाहीत, आणि आपल्याकडचे विद्यार्थी ते अकारण टाळतात. डेव्हिस, बर्कली, कॉर्नेल, विस्कॉन्सिन, मेरीलँड इथले विभाग पाणी, पीक विमा, हवामान, अन्नसुरक्षा यांवर जे काम करतात ते मुख्य अर्थशास्त्र विभागात सहसा एखाद-दुसराच करत असतो. बर्कलीत तर दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत आणि एकीकडचे विद्यार्थी दुसरीकडचे कोर्स घेतात. दुष्काळ, भूजल, ऊस हे तुमचे प्रश्न असतील तर अर्जाच्या यादीत यांतले दोन-तीन असू द्या. नोकरीही विद्यापीठांपुरती मर्यादित राहत नाही, जागतिक बँक आणि सीजीआयएआर या आंतरराष्ट्रीय शेती-संशोधन जाळ्यातल्या संस्था या लोकांना घेतात. फक्त शुद्ध सिद्धांत किंवा स्थूल अर्थशास्त्राकडे वळायची शक्यता वाटत असेल, तर हा दरवाजा अरुंद आहे.

वेगळ्या विभागांचा विषय निघालाच आहे, तर बिझनेस स्कूलही पाहा. तिथल्या अर्थशास्त्राच्या पीएचडीत विद्यार्थी थोडे आणि पैसा अधिक असतो. सिद्धांत, वित्त, कंपन्यांची वागणूक यांसाठी त्या उत्तम.

डेटा आणि फील्डवर्क यांचा विचार निवडताना करायचा का?

जरूर करा, हा मुद्दा ऑफर घेताना सर्वांत कमी विचारला जातो. इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या शेती-संशोधन संस्थेने १९७५ पासून निमशुष्क पट्ट्यातल्या गावांत कुटुंबांची वर्षानुवर्षं माहिती गोळा केली. त्यांत सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातलं कान्झरा ही गावं आहेत. १९९४ साली रॉबर्ट टाउनसेंड यांनी याच आकड्यांवरून तपासलं की एखाद्या कुटुंबाचं उत्पन्न बुडालं तर गाव त्याला कितपत सावरून घेतं. विकासाच्या अर्थशास्त्राच्या वर्गात तो पेपर आजही वाचला जातो. तीन गावांचा चांगला डेटा केवढी मजल मारू शकतो ते यात दिसतं.

तेव्हा विचारा: मुंबईच्या सीएमआयई (सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी) या संस्थेच्या घरगुती सर्वेक्षणाचं सशुल्क सदस्यत्व विभागाकडे आहे का? पायलटसाठी (प्रकल्पाच्या छोट्या चाचणीसाठी) विद्यार्थ्याला पैसे कुठून मिळतात, किती, आणि कितव्या वर्षापासून? अमेरिकेतल्या गोपनीय सरकारी आकड्यांवर काम करायचं असेल तर जनगणना खात्याचं संशोधन डेटा केंद्र आवारात आहे का, आणि परदेशी नागरिकाला तिथली परवानगी मिळवण्याचे नियम काय? २०२५ साली परदेशी मदत देणारी अमेरिकेची यूएसएड संस्था बंद झाली, त्यामुळे फील्डवर्कच्या निधीचा एक मोठा झरा आटला. प्रयोगांवर अवलंबून असलेल्या गटाला थेट विचारा की आता विद्यार्थ्यांचे प्रकल्प कुणाच्या पैशावर चालतात. प्रश्न सभ्यपणे विचारला तर कुणीही रागावत नाही.

युरोपात जाऊ का?

जा, पण रचना समजून जा. अमेरिकेत बीए किंवा एमएनंतर थेट पाच-सहा वर्षांचा एकसंध कार्यक्रम असतो. युरोपात बहुतेक ठिकाणी आधी एक-दोन वर्षांची संशोधनाची मास्टर्स, मग पीएचडी. औद्योगिक संघटनेसाठी टूलूझ, राजकीय अर्थशास्त्र आणि विकासासाठी लंडन, वॉरिक आणि पॅरिस, वर्तनाच्या अर्थशास्त्रासाठी ज्यूरिख ही नावं पक्की आहेत. ब्रिटनमध्ये प्रवेश आणि पैसा हे दोन वेगळे निर्णय असतात. प्रवेशपत्र आलं म्हणजे शिष्यवृत्ती आली असं समजू नका.

भारतातच केली तर?

प्रश्न भारताचा असेल आणि माणसं योग्य असतील, तर हा खराखुरा पर्याय आहे. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था रिझर्व्ह बँकेने १९८७ साली स्थापन केली. वित्त, स्थूल अर्थशास्त्र, पर्यावरण यांवरचं काम तिथे चांगलं होतं. १९३० पासूनच्या पुण्याच्या गोखले संस्थेला शेती आणि दारिद्र्याच्या प्रत्यक्ष पाहणीचा वारसा आहे. सिद्धांताकडे कल असेल तर दिल्लीचं आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) आणि दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, श्रम आणि स्थलांतरासाठी तिरुवनंतपुरमचं सीडीएस (सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज). लोकसंख्या आणि आरोग्याच्या आकडेवारीत रस असेल तर देवनारची आयआयपीएस (इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस) विसरू नका, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच संस्था करते.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार कालावधी किमान तीन, कमाल सहा वर्षं. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. मोठा फरक आहे तो गाईडचा. अनेक ठिकाणी तो प्रवेशाच्या वेळीच ठरतो, त्यामुळे ‘एका माणसासाठी जाऊ नका’ हा वरचा सल्ला इथे उलटा लागू होतो. इथे त्या एका व्यक्तीची जितकी चौकशी कराल तितकी थोडी. तिच्याकडे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना गाठा आणि किती वर्षं लागली ते विचारा.

पहिल्या वर्षानंतर माझी आवडच बदलली तर?

बऱ्याच जणांची बदलते. कोर्समध्ये प्रथमच एखादी शाखा नीट भेटते आणि मन तिथे रमतं. म्हणून निवडताना दुसऱ्या आवडीचाही हिशोब करा. दोन ऑफर जवळपास सारख्या असतील तर जिथे तुमची पहिली शाखा उत्तम आणि दुसरी बरी आहे तो विभाग घ्या. पहिली अत्युत्तम आणि बाकी सगळं ओसाड, असा नको. प्रवेशअर्जात लिहिलेल्या विषयाला तुम्ही बांधलेले नसता.

मार्गदर्शकाशी मतं जुळायला हवीत का?

कामाची पद्धत जुळायला हवी, मतं जुळायची गरज नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबियात राजस्वाचे मोठे अभ्यासक एडविन सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली प्रांतिक वित्तव्यवस्थेवर काम केलं. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लंडनला एडविन कॅनन यांच्याकडे झाला आणि १९२३ साली पुस्तकरूपाने आला. त्याला कॅनन यांनीच प्रस्तावना लिहिली. बाबासाहेबांचे बरेचसे युक्तिवाद आपल्याला पटत नाहीत हे त्यांनी त्यात मोकळेपणाने सांगितलं, आणि त्या विचारांतल्या ताजेपणाला दादही दिली. असा मार्गदर्शक मिळाला तर सोडू नका. विषयही पाहा: राजस्वाचा प्रश्न राजस्वाच्या माणसाकडे, चलनाचा प्रश्न चलनाच्या.

फंडिंगमध्ये काय पाहायचं?

आकड्याआधी अटी पाहा. किती वर्षांची हमी, उन्हाळ्याचे पैसे धरलेत का, शिकवायचं काम कितव्या वर्षी आणि किती, आरोग्य विमा कुणाचा, सहावं वर्ष लागलं तर काय. न्यूयॉर्क किंवा बोस्टनमधला मोठा स्टायपेंड भाड्यातच जातो, विस्कॉन्सिनच्या मॅडिसनमधला लहान पुरतो. अमेरिकेत फी भरून पीएचडी करू नका, ती ऑफर नाकारलेलीच बरी. अनेक विभागांनी अभ्यासक्रम ‘इकॉनॉमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स’ या वर्गात नोंदवला आहे, त्यामुळे पदवीनंतर कामाच्या परवान्यात २४ महिन्यांची भर मागता येते. तुमचा विभाग त्यांत आहे का ते पाहून ठेवा.

व्हिजिट डेला (ऑफर मिळालेल्यांना विभाग दाखवायच्या दिवशी) किंवा झूमवर कुणाला काय विचारू?

प्राध्यापकांपेक्षा तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा. दुसऱ्या वर्षाचे अजून उत्साहात असतात, पाचव्याचे नोकरीच्या धावपळीत. मार्गदर्शक महिन्यातून किती वेळा भेटतो? पेपरचा मसुदा पाठवला तर उत्तर किती दिवसांत येतं? प्रिलिममध्ये तुमच्या तुकडीतले किती जण नापास झाले, आणि त्यांचं पुढे काय झालं? इथे पुन्हा निवडायचं झालं तर हाच विभाग घ्याल का? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा किती वेळ थांबतो, तेही उत्तरात धरा.

मनासारखी ऑफरच आली नाही तर?

वर्ष-दोन वर्षं संशोधन सहायक म्हणून काम करा. विद्यापीठांत प्री-डॉकच्या (पीएचडीआधीच्या संशोधन सहायकाच्या) जागा असतात, आणि धोरणं प्रयोगांनी तपासणाऱ्या जे-पाल साउथ एशियासारख्या संस्थांत फील्डवरच्या. तिथे पद्धत हाताखालून जाते, शिफारसपत्र मिळतं, आणि आपल्याला खरंच हेच करायचं आहे का तेही कळतं. नको असलेल्या शाखेच्या विभागात सहा वर्षं काढण्यापेक्षा हा मार्ग कधीही चांगला.

कळवायची शेवटची तारीख कोणती?

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार फंडिंगच्या ऑफरला १५ एप्रिलपर्यंत उत्तर देण्याची मुभा आहे. त्याआधी दबाव आला तर या ठरावाचा सौम्य उल्लेख करून वेळ मागा. जो विभाग नक्की नको हे ठरलं, त्याला त्याच दिवशी ईमेल करून मोकळं करा. ती जागा प्रतीक्षायादीतल्या कुणाला तरी मिळते, आणि त्या यादीत बहुधा आपल्याकडचंही कुणी असतं.